दोन फेजवरची ओळ

गौतमा, आज लाइन पहिल्या झटक्यात लागली.

नेवाशाहून नगरला फोन लावून इंटरनेट आणायचं म्हणजे काय दिव्य असतं, ते तुला पत्र्यापलीकडून ऐकून पाठ झालं होतं. मी नंबर लावायचो, मोडेम दारात शेपूट सापडलेल्या कुत्र्यासारखं केकाटायचं आणि तिसऱ्या मिनिटाला लाइन मेलेली असायची. एकदा नंबर लावायला बसलो तेव्हा दाढी गुळगुळीत होती आणि लाइन लागली तेव्हा ती छातीवर रुळत होती, असं मी विद्यार्थ्यांना सांगत होतो, तर तू तिकडून म्हणालास, "सकाळी करायची राह्यली आसंल." आज मात्र बसलो, नंबर लावला आणि लागली. मला रडू आलं. आता लागून काय उपयोग? तुला जाऊन आज नऊ दिवस झाले.

हे मी इंटरनेटवरच्या आपल्या पानासाठी लिहितोय. पान चालू झाल्यापासून तुझी लाल पेन्सिल न फिरलेला हा दुसरा लेख; पहिल्याचं पुढं येईलच. तेव्हा यात जिथं जिथं मी वाहवलो असेन, तिथं तूच आहेस असं समजून मीच थांबायचा प्रयत्न करीन. जमेलसं वाटत नाही. पंचेचाळीस वर्षांची सवय आहे.

आपल्या दोघांच्या मध्ये एक पत्रा होता. या बाजूला माझं टायपिंग इन्स्टिट्यूट, बारा खडखडी मशीनं आणि नवा आलेला एक कॉम्प्युटर. त्या बाजूला तुझं मोटार रिवाइंडिंग. शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जळली की ती सायकलला, ट्रॅक्टरला, नाहीतर डोक्यावर बांधून तुझ्याकडे यायची. तू तिच्या पोटातलं जळकं तांबं उपसून काढायचास, वेढे मोजायचास, नवी तार लाकडी साच्यावर गुंडाळायचास, पट्टीनं बांधायचास, वार्निश पाजायचास आणि आत दोनशेचा बल्ब पेटवून तिला वाळत ठेवायचास. जगात याहून रटाळ धंदा नसेल. वरातीत कुणी रिवाइंडिंगवाल्याच्या नावानं फटाका उडवलाय असं मी पाहिलेलं नाही. आणि नेमक्या याच धंद्यावर मी लेख लिहायचे, ते इंटरनेटवर चढवायचे आणि सगळ्या दुनियेनं ते चवीनं वाचायचे, असं माझ्या डोक्यात आलं.

तू तेव्हा वेढे मोजत होतास. मोजताना तू कुणाशी बोलत नसायचास, म्हणून मी खूप बोललो. अमेरिकेत छोट्या छोट्या दुकानांची पानं असतात, तुझंही असेल, नेवाशातलं पहिलं, कदाचित आशिया खंडातलं पहिलं. तू साच्यावर खूण केलीस, पेन्सिल कानाला लावलीस आणि एवढंच विचारलंस, "आन वाचनार कोन? ज्याची मोटार जळती त्याच्याकडं कंप्युटर न्हाई, आन ज्याच्याकडं कंप्युटर हाय त्याची मोटार जळत न्हाई."

पण मला उत्तर कुठं हवं होतं? मला विषय हवा होता.

पहिला लेख मी एका बैठकीत लिहिला. तू बांधलेली पाच हॉर्सपॉवरची मोटार एका शेतकऱ्यानं चालू केली, तर पाणी देवळाच्या कळसापर्यंत उडालं, कळसावरचा कावळा आंघोळ करून खाली आला आणि प्रवरा मंगळवारपर्यंत उलटी वाहिली. छान झाला होता लेख. तुला वाचून दाखवला. तू कानावरची लाल पेन्सिल काढलीस आणि कळस काढलास, कावळा काढलास, नदी सुलटी केलीस. तीन पानांतल्या चार ओळी उरल्या.

"पानी कळसापर्यंत गेल्तं म्हनून कोन म्हनलं?"

"मीच म्हणतोय."

"तू बघितलं व्हय?"

"अरे, लेख आहे तो."

"मोटार हाय ती," तू म्हणालास. आपलं पुढचं वर्षभराचं भांडण या एका वाक्यात होतं.

त्या भांडणात तू एक डाव जिंकायचास आणि एक मी. हिवरे बाजारला पाणी इतकं वर आलंय की तिथल्या मोटारींना कामच उरलं नाही, त्या बिचाऱ्या पारावर बसून गप्पा हाणतात, हे तू ठेवू दिलंस, कारण तुझ्या मते त्यात मोटारीची बदनामी नव्हती. पण तुझ्या हातची मोटार सासरी निघालेल्या पोरीसारखी विहिरीत उतरताना रडते, हे तू काढलंस. "रडली तर अर्थिंग बघावं लागंल," म्हणालास. मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही. म्हणजे पाऊण तास.

खरं सांगायचं तर या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी तुझ्याकडूनच चोरली. तुझी चिठ्ठी. दुरुस्त झालेल्या प्रत्येक मोटारीच्या कानाला तू पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधायचास. वर मालकाचं नाव, मग वेढे, तारेचा गेज आणि शेवटची ओळ: जळण्याचे कारण. बाकी कुठला रिवाइंडिंगवाला हे लिहीत नाही. आलेला प्रत्येक जण शपथेवर सांगायचा की काही केलं नव्हतं, आपोआप जळाली. तू मान डोलवायचास, मोटार उघडायचास आणि आतलं बघून लिहायचास. बेअरिंग कोरडं. पाण्याविना चालवली. नाहीतर, दोन फेजवर चालवली. हे शेवटचं तर तू झाकण काढताक्षणी सांगायचास. एक फेज गेलेली असताना पिकाच्या ओढीनं कंडेन्सर टाकून मोटार दोन फेजवर पळवली, की आतल्या तारांचे दोन भाग काळेठिक्कर पडतात आणि तिसरा जसाच्या तसा तांबूस राहतो. ते मला दाखवून तू म्हणाला होतास, "मानूस कायबी सांगतो मास्तर. ही न्हाई सांगत."

वडील छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि पुढच्या वर्षी तू झालास, म्हणून तुझं नाव गौतम. त्या नावाखाली खोटं लिहायचं नाही असं वडिलांनी तुला सांगितलं होतं, असं तू एकदाच बोललास, तेही चिठ्ठीची गाठ मारता मारता. मी लगेच त्यावर लेख लिहायला घेतला. तू कागद घेऊन त्याची घडी केलीस आणि तो डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलास. टेबल अजून हलत नाही.

वाचक मिळाले मात्र. ते जळलेल्या मोटारींचे नव्हते, हे तुझं बरोबरच निघालं. ते परदेशात गेलेले आपले लोक होते. राजूरकडचा एक जण दुबईहून लिहायचा. अमेरिकेतल्या एका बाईंनी कळवलं की तुमचं पान उघडलं की इथं वार्निशचा वास सुटतो, वडिलांच्या विहिरीवरच्या खोलीत सुटायचा तसा. ते पत्र मी छापून आणलं आणि पत्र्याजवळ उभा राहून मोठ्यानं वाचलं. तू हातोडी खाली ठेवलीस. पुन्हा वाचायला लावलंस. मग विचारलंस, "त्यांच्या वडलांची मोटार कंच्या कंपनीची हुती, इचार की." मी विचारलं. त्यांनी कळवलं. त्या दिवसापासून तुला वाटायला लागलं की हे पान म्हणजे अगदीच रिकामा उद्योग नव्हे. तू मला वेढे कसे मोजतात ते सांगायला लागलास, मी लिहायला लागलो आणि आपले दोन-तीन लेख खरोखर चांगले झाले. तुझे झाले. मी फक्त टाइप केले.

पण मला तेवढ्यात भागेना.

सातव्या लेखात शेवटी मी एक ओळ टाकली. "गौतमच्या हातची मोटार दोन फेजवरसुद्धा हसत चालते." तू बाहेरगावी एक मोटार बसवायला गेला होतास, तुझ्या पेन्सिलीखालून तो लेख गेलाच नाही. वाचकांना ती ओळ इतकी आवडली की दुबईवाल्यानं लिहिलं, आम्ही इथं कुणी दमला की म्हणतो, काय रे, दोन फेजवर हसत चाललायस का? मी हरखून गेलो. ओळ दुबईत बोलली जाते! माझी ओळ!

तुला वाचून दाखवली, तेव्हा तू हसला नाहीस.

"हे काढ."

"अरे, गंमत आहे ती."

"कुनीतरी खरं मानंल, मास्तर. दोन फेजवर कुनाचीच मोटार चालत न्हाई. माझीबी न्हाई. माझं नाव हाय तिथं."

काढतो म्हणालो. आता हे वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो: आपलं पान अक्षरांचं नव्हतं, अक्षरांच्या चित्राचं होतं. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर दिसायची नाहीत, म्हणून मी सगळा लेख टाइप करून त्याचं चित्र बनवायचो आणि ते चढवायचो. एक ओळ काढायची तरी पूर्ण चित्र नव्यानं करावं लागे. काम होतंच. पण ते एका दुपारचं होतं, आणि दुपारी माझ्याकडे भरपूर होत्या. माझा हातच होईना. चार दिवसांनी तू विचारलंस तेव्हा लाइन लागत नाही म्हणालो. आठ दिवसांनी पुन्हा विचारलंस तेव्हा म्हणालो, काढली. तुला कॉम्प्युटर चालवता येत नव्हता. तू म्हणालास, "बरं."

एवढ्यावर तू विश्वास ठेवलास. शेतकऱ्यांच्या शपथा न मानणारा तू.

मग सोपानतात्या आले. नदीपलीकडचे, तुझं जुनं गिऱ्हाईक. बैलगाडीतून मोटार उतरवली आणि खिशातून चौघडी केलेला कागद काढला. त्यांचा पुतण्या पुण्याला कॉलेजात होता, त्यानं आपलं पान तिथं पाहून छापून आणलं होतं. आपल्या गावाकडचं दुकान इंटरनेटवर, म्हणून कौतुकानं. मी पत्र्याच्या फटीतून बघत होतो. तात्यांनी बोट ठेवून ती ओळ दाखवली. गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं होतं, एक फेज गेलेली, तीन दिवस आली नाही. तात्यांनी आयुष्यात कधी कंडेन्सर लावला नव्हता. तुझ्यावर भरवसा म्हणून लावला. मोटार जळली, वर गहूही करपला.

"हे तूच लिव्हलंय ना रे?" तात्यांनी विचारलं.

तू पत्र्याकडे पाहिलंस. फटीतून आपली नजर भिडली. माझ्या तोंडात तेव्हा शंभर वाक्यं असतील, एरवी दोनशे असतात. एकही बाहेर आलं नाही.

"दुकान माझं, नाव माझं," तू म्हणालास. "ठेवून जावा तात्या. परवा देतो."

दुसऱ्या कुणाच्या मोटारीला तू हात लावला नाहीस. दोन दिवस त्यांच्याच मोटारीशी बसलास. मी चहा पाठवला, तू प्यायलास. रागावला असतास तर बरं झालं असतं, मी तुझ्या रागाची एक गोष्ट केली असती, तुझ्या आवाजानं पत्रा थरथरला आणि बारा मशीनं आपोआप टाइप करायला लागली वगैरे. तू रागावला नाहीस. चिठ्ठी लिहिताना पाठ माझ्याकडे केलीस. मला वाटलं, माझं नाव लिहितोय. लिहू दे, म्हटलं. आणि खरं सांगतो, मनात तुझाच राग आला.

मग पुढचे दिवस. तुझ्या दाराशी मोटारी कमी यायला लागल्या. एरवी ओटा भरलेला असायचा, तिथं कुत्रं झोपायला लागलं. मी ते बघितलं आणि मला विनोद सुचला. पत्र्यावर टकटक करून म्हणालो, "काय रे, तालुक्यातल्या मोटारी जळायच्या थांबल्या का?"

"थांबू दे की," तू म्हणालास. "बरंच हाय."

आणि त्या शेवटच्या सकाळी तू दोनदा टकटक केलीस. "मास्तर, आता तरी काढलं का?"

मी म्हणालो, "काढलं."

नव्हतं काढलं. दुपारी काढणार होतो. देवाशपथ, तुझ्याशपथ, दुपारी काढणारच होतो, चित्र निम्मं करूनही ठेवलं होतं. तू म्हणालास, "बरं." दीडच्या सुमाराला शांतावहिनी डबा घेऊन आल्या आणि त्यांचा आवाज आला. तू बाकावर कपाळ टेकवून बसला होतास, हातात तारेचं रीळ. मी धावत आलो तेव्हा वेढे अर्धे झाले होते. किती, ते तूच मोजत होतास, तुलाच माहीत.

हृदय बंद पडलं म्हणाले. मी डॉक्टरांना विचारणार होतो, आतलं बघून काय दिसलं? विचारलं नाही. चिठ्ठीवर कारण लिहिणारा माणूसच उरला नव्हता.

जलदान विधीला माणसं मावत नव्हती. मी दोनशे माणसं होती असं म्हणीन, तू तीस करशील, पण गौतमा, खरंच मावत नव्हती. तिथं सोपानतात्या भेटले. मी त्यांचा हात धरला आणि बोलून टाकलं, की ती ओळ माझी होती.

"मला म्हाईत हाय," तात्या म्हणाले. "उद्या मळ्यात या."

गेलो. मळ्यात करपलेला गहू तसाच उभा होता. विहिरीवर तुझी मोटार चालू होती, ऐकत राहावी अशी चालू होती. कानाला चिठ्ठी, वरून प्लॅस्टिकची पिशवी. तात्या म्हणाले, वाचा. तुझंच ठसठशीत अक्षर. सोपानतात्यांचं नाव, वेढे, गेज. शेवटची ओळ: जळण्याचे कारण – बांधणीत दोष, कारागिराची चूक. खाली तुझी सही.

मी दोनदा वाचली. तीनदा वाचली.

"मी म्हनलं त्याला," तात्या म्हणाले, "गड्या, कंडेन्सर मीच टाकला हुता, खरं काय ते लिव्ह. तर म्हनला, तात्या, खरं लिव्हायचं तर मास्तरचं नाव लिव्हावं लागंल."

चिठ्ठी विहिरीवर टांगलेली. येणारा जाणारा वाचणार. पाणी धरायला आलेला, रस्त्यानं जाणारा, दूध घालायला निघालेला. गौतमचा हात गेला, असं गावोगाव झालं. म्हणून तुझा ओटा रिकामा झाला. आणि मी पलीकडून विचारत होतो, मोटारी जळायच्या थांबल्या का?

मी चिठ्ठीकडे हात नेला. तात्यांनी माझं मनगट धरलं. मी म्हणालो, ही खोटी आहे, दुसरी लिहून देतो, माझ्या सहीची, गावभर वाचा. तात्यांनी मनगट सोडलं नाही.

"त्याच्या हातचं हाय ते," म्हणाले. "आता ते कुनीबी काढायचं न्हाई."

गौतमा, जन्मभर मी हजार खोट्या गोष्टी लिहिल्या, त्यातली एकही कुणाच्या कामाची नव्हती. तू एकच लिहिलीस. ती माझ्यासाठी होती, आणि ती मोटार चालू आहे तोवर तिथं लोंबकळत राहणार. तुझ्या हातची मोटार आहे, ती माझ्यामागंही चालेल. ही अतिशयोक्ती नाही. ही तूसुद्धा खोडली नसतीस.

म्हणून दुसरी चिठ्ठी इथं लिहितोय, जिथं तालुक्यातलं कुणी वाचणार नाही, दुबईतला एक जण आणि अमेरिकेतल्या एक बाई वाचतील. सोपानतात्यांची मोटार. जळण्याचे कारण: दोन फेजवर चालवली. चालवली कारण शेजारच्या मास्तरनं तसं लिहिलं होतं, काढायला सांगितलं तेव्हा काढलं नाही, आणि काढलं म्हणून दोनदा खोटं सांगितलं. कारागिराची चूक नाही. कारागिराची कधीच नव्हती.

वहिनींनी तुझी लाल पेन्सिल मला दिली. बोटाएवढी उरली आहे, तुझ्या दातांच्या खुणा आहेत तिच्यावर. हा लेख छापून काढला आणि ती घेऊन बसलो. कावळा खोडायला गेलो, मग दाढी, मग मावत नसलेली माणसं. हात चालेना. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे मला कधी कळतच नव्हतं. ते तुला कळायचं.

शेवटी फक्त सातव्या लेखातली ती ओळ काढली. नवं चित्र केलं, चढवलं, मग पान उघडून डोळ्यांनी बघितलं. नाहीये आता. कुठंही नाहीये.

मग उठलो आणि पत्र्यावर दोनदा टकटक केली.

"काढलं," म्हणालो. या वेळी ते खरं होतं.

बराच वेळ तिथं उभा राहिलो, तुझं "बरं" ऐकायला.